कनू गाडीच्या छतावरून नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याचा लाँग वीकेंड जवळ आला की टोरांटो, मिसिसागा, वॉटर्लू भागातल्या मराठी कुटुंबांकडून हे प्रश्न यायला लागतात. कुणी अल्गॉन्क्विन पार्कचं बुकिंग केलेलं असतं, कुणी जुनी कनू (वल्ह्यांनी चालवायची लांबट, उघडी होडी) विकत घेतलेली असते, आणि ती घरापर्यंत कशी आणायची इथपासून सुरुवात असते. उत्तरं ऑंटारिओतले रस्ते आणि नियम धरून दिली आहेत. वाचताना एक गोष्ट मनात असू द्या: हायवेवर कनू सुटली तर ती तुमच्या मागून येणाऱ्या गाडीवर जाते. त्या गाडीतल्या माणसांसाठी एवढी काळजी घ्यायची.

१. आम्ही पहिल्यांदाच जातोय. कनू घरून न्यायलाच हवी का?

नाही. अल्गॉन्क्विनला कनू लेक आणि ओपिओंगो या दोन तलावांच्या काठावरच कनू भाड्याने मिळतात. तिथे घ्या, तिथेच पाण्यात घाला, तिथेच परत द्या. गाडीच्या छतावर रॅक (कनू टेकवायचे आडवे बार) नसेल, सोबत लहान मुलं असतील आणि बांधाबांधीचा सराव नसेल, तर पहिल्या वर्षी हेच करा असं मी आग्रहाने सांगते. छतावरून नेण्याचा विषय येतो तो स्वतःची कनू असली की, किंवा भाड्याच्या दुकानापासून दूरच्या तलावावर उतरायचं असलं की.

२. गाडीला छतावर रेल आहेत. तेवढ्यावर भागेल का?

भागणार नाही. छताच्या दोन्ही कडांना पुढून मागे जाणाऱ्या दांड्या म्हणजे रेल. कनू टेकते ती त्यांच्यावर आडव्या बसवलेल्या दोन बारांवर. बार वेगळे घ्यावे लागतात आणि ते तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेल्या पायांवर बसवावे लागतात. दोन बारांमधलं अंतर जितकं जास्त तितकी कनू स्थिर; साधारण ७५ सेंटिमीटर तरी असावं. छोट्या सेडानवर तेवढं मिळत नाही. मग पुढच्या-मागच्या दोऱ्यांवर (प्रश्न ७) जास्त भिस्त ठेवावी लागते.

बार बसवून झाले की दोन्ही हातांनी धरून जोरात हलवून बघा. सगळी गाडी हलायला हवी. नुसता बारच हलला तर त्यावर काहीही बांधू नका. वर्षभर तसाच राहिलेला रॅक हिवाळ्यातल्या मिठाने आणि गोठण्या-वितळण्याने सैल झालेला असतो, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक बोल्ट तपासायचा.

३. माझ्या गाडीचं छत किती वजन पेलेल?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये छतावरच्या वजनाची मर्यादा दिलेली असते. रॅकच्या पायांची आणि बारांची मर्यादा त्यांच्या माहितीपत्रकात असते. या सगळ्यांत जो आकडा सर्वांत कमी, तो तुमचा. गाडीच्या मर्यादेत रॅकचं स्वतःचं वजनही धरायचं, हे बरेच जण विसरतात.

समजा गाडीची मर्यादा ४५ किलो आहे आणि रॅक ७ किलोचा आहे. उरले ३८. सोळा-सतरा फुटी दोन माणसांची केव्हलारची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) कनू १८ ते २० किलोची असते, ती आरामात बसेल. ॲल्युमिनियमची सतरा फुटी कनू ३४ किलोच्या आसपास असते, तीही चालेल. पॉलिएथिलीनची (प्लास्टिकची) मात्र ३६ ते ४० किलोपर्यंत जाते. ती अगदी काठावर येते किंवा बसतच नाही. जुनी कनू घेताना विकणाऱ्याला ती कशाची बनलेली आहे हे पहिल्यांदा विचारा. तिचं वजन त्यावरच ठरतं, आणि ती दोघांना उचलता येईल का हेसुद्धा.

४. कनू उलटी ठेवायची की सुलटी?

उलटी. तळ आकाशाकडे, काठ बारांवर. सुलटी ठेवली तर गोलसर तळ बारांवर डुगडुगतो, वारा आत भरतो आणि पाऊस आला तर वजन वाढत जातं. कायाकची गोष्ट वेगळी. तिला खाचेचे किंवा इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचे वेगळे आधार लागतात. इथली पट्टे बांधण्याची पद्धत तिला जशीच्या तशी लागू होत नाही.

५. छतावर चढवायची कशी? पाठीत उसण भरते.

दोघं असाल तर एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. गाडीला समांतर उभं राहून कनू आधी जमिनीवरच उलटी करा, मग गुडघ्यांत वाकून एकदम वर घ्या. "एक, दोन, तीन" कोण म्हणणार हे आधी ठरवा.

एकट्याने करायचं असेल तर गाडीच्या मागे जा. मागच्या काचेच्या वरच्या कडेवर जाड टॉवेल किंवा जुनी सतरंजी टाका. कनू उलटी धरून तिचं पुढचं टोक मागच्या बारावर टेकवा, मग मागचं टोक उचलून पुढे सरकवा. असं केल्याने एका वेळी अर्धंच वजन हातावर येतं. वारा असेल तर एकट्याने हे करू नका. उचललेली कनू वाऱ्यात फिरते आणि टोक शेजारच्या गाडीवर आदळतं.

वर गेली की ती दोन्ही बारांवर पुढेमागे सारखी आणि गाडीच्या मध्यरेषेवर आहे ना, हे समोर उभं राहून बघा. तिरकी बसलेली कनू वाऱ्यात आणखी तिरकी होत जाते.

६. पट्टे नेमके कसे बांधायचे?

दोन बार, दोन पट्टे. साधारण एक इंच रुंदीचे, कॅम बकल (पट्टा हाताने ओढला की पकडून धरणारं, दाबलं की सोडणारं बकल) असलेले पॉलिएस्टरचे पट्टे घ्या. बारा फुटी पट्टा कसाबसा पुरतो, पंधरा फुटी निवांत पुरतो. नायलॉन ओलं झालं की ताणलं जातं, म्हणून टाळा.

बकल आपल्या बाजूला, काठाच्या थोडं वर राहील असं धरा. मोकळं टोक कनूवरून पलीकडे टाका. बकल कधीच फेकू नका. काच फुटते, पलीकडे उभ्या मुलाला लागतं. पलीकडे जाऊन ते टोक बाराखालून घ्या आणि कनूवरून परत अलीकडे टाका. अलीकडे येऊन ते बाराखालून वर काढा आणि बकलमध्ये ओवून ओढा. पट्टा बाराला वळसा घालतो ती जागा दोन्ही बाजूंना कनूच्या काठाला अगदी चिकटून हवी. बाराच्या टोकाशी, चार बोटं लांब बांधला तर तेवढ्या मोकळ्या जागेत कनू डावी-उजवीकडे सरकते आणि सरकता सरकता पट्टा सैल होतो. बहुतेक सैल कनूंमध्ये चूक इथेच सापडते.

ओढायचं ते हाताच्या जोराने. तळ पिचकायला लागला किंवा काठ बारावर वाकायला लागले की थांबा. उरलेलं टोक बकलखाली गाठ मारून गुंडाळा. फडफडणारं टोक रंग खरवडतं आणि बकल हळूहळू सोडवतं. शेवटी कनूचा काठ धरून हलवा: कनूबरोबर गाडी हलली पाहिजे.

७. दोन पट्टे एवढे घट्ट आहेत. पुढे-मागे दोऱ्या खरंच लागतात?

लागतात. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पट्टे कनूला बारांवर दाबून धरतात, पण पाच मीटरच्या कनूचा मधला मीटरभर भागच बारांच्या पकडीत असतो. पुढचं टोक बॉनेटच्या वर अधांतरी असतं. हायवेवर वारा त्याच्या खालून शिरतो आणि त्याला वर व बाजूला ढकलतो. टोक लांब असल्यामुळे त्या धक्क्याचा जोर रॅकच्या पायांवर कित्येक पटींनी येतो. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी ८० वरून १०० वर गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो, १२० वर सव्वादोनपट. शेजारून मोठा ट्रक गेला की त्यात आणखी एक हिसका. अशा वेळी पट्टे शाबूत राहूनही रॅकचा पाय छतापासून उखडू शकतो. तसं झालं तरी कनू गाडीला धरून ठेवतात त्या टोकांच्या दोऱ्याच.

पुढच्या टोकापासून दोन दोऱ्या, बॉनेटच्या डाव्या आणि उजव्या बाजूला, उलट्या 'व्ही'सारख्या. मागेही तशाच. मधून एकच सरळ दोरी बांधली तर टोक डावी-उजवीकडे हलायला मोकळं राहतं. दोऱ्या ताठ असाव्यात, पण टोक खाली वाकेल इतक्या नकोत. पुढची दोरी सैल होऊन लोंबली आणि चाकाखाली आली तर चाक तिला गुंडाळत कनू खाली खेचतं. म्हणून उरलेली दोरी लोंबती न सोडता वर बांधून टाका.

८. आताच्या गाड्यांना पुढे दोरी बांधायला जागाच नसते. मग?

बॉनेट उघडा. दोन्ही कडांना मडगार्डचे बोल्ट दिसतात. एका टोकाला भोकाची कडी आणि दुसऱ्या टोकाला फास असलेली कापडी पट्टी बाजारात मिळते. त्यातला एक बोल्ट काढून तो कडीच्या भोकातून परत घट्ट बसवायचा. बॉनेट लावलं की पट्टीचा फास फटीतून बाहेर येतो, त्यातून दोरी ओवायची. काम झालं की फास आत टाकून द्या, गाडीला काही होत नाही. मागे डिकीच्या फटीतूनही अशाच पट्ट्या काढता येतात. गाडी ओढायची स्क्रूची कडी बहुतेक गाड्यांत हत्यारांच्या डब्यात असते, तीही वापरता येते.

बंपरच्या खालच्या प्लास्टिकला हूक अडकवू नका. प्लास्टिक तुटतं आणि हूक निसटतो.

९. दोरीची कोणती गाठ मारायची? प्रत्येक वेळी सैल होते.

कनूच्या टोकाला निरगाठ, खाली ट्रकवाल्यांची ओढगाठ, जिला इथे ट्रकर्स हिच म्हणतात.

दोरी कनूच्या टोकाच्या कडीला पक्की बांधा आणि खाली सोडा. तिच्यावर छातीच्या उंचीला सुरगाठीचा एक छोटा फास तयार करा. मोकळं टोक खालच्या कडीतून ओवून वर आणा, त्या फासातून घाला आणि आता खाली ओढा. दोरी कप्पीसारखी काम करते आणि हाताच्या जोरापेक्षा ताण बराच वाढतो. फासापाशी दोरी चिमटीत घट्ट धरा, सोडू नका, आणि दुसऱ्या हाताने त्याखाली दोन अर्धे वेढे मारा. चिमूट सुटली की ताण गेला. गाठ सैल होते ती बहुतेक याच क्षणी. घरी दाराच्या कडीला बांधून सराव करा. परतताना अंधार असतो, डास चावत असतात, तेव्हा हात आपोआप चालले पाहिजेत.

१०. रॅचेटचे पट्टे जास्त घट्ट बसतात ना? तेच वापरले तर?

घट्ट बसतात, पण गरजेपेक्षा जास्त. रॅचेट, म्हणजे दांडा मागे-पुढे करून पट्टा आवळणारं बकल, एका हाताने एवढा ताण देतो की केव्हलारच्या कनूला भेग पडेल, ॲल्युमिनियमचे काठ वाकतील, रॅकचे पायही ओढले जातील. त्याला हाताचा अंदाज लागत नाही. कॅम बकलच वापरा. रॅचेट फ्रिज आणि मोटरसायकलसाठी ठेवा.

११. गाडीला रॅक नाही. फोमचे ठोकळे चालतील?

भाड्याच्या दुकानातून दहा-पंधरा मिनिटांवरच्या तलावापर्यंत, कमी वेगात, चालतील. दुकानवाले ठोकळे आणि पट्टे बहुधा सोबत देतात. ठोकळे कनूच्या काठांवर बसतात. पट्टे उघड्या दारांमधून गाडीच्या आतून घ्यायचे आणि मग दारं बंद करायची. खिडकीतून घेतलेत तर दारंच उघडता येणार नाहीत. पाऊस असेल तर पट्ट्यावरून पाणी आत ठिबकतं, तेव्हा पट्ट्याच्या खाली फडकं ठेवा. पुढच्या-मागच्या दोऱ्या इथे तर हव्याच.

टोरांटोपासून हायवे ४०० ने अडीच-तीन तास फोमच्या ठोकळ्यांवर जाणं मला अजिबात पसंत नाही. ठोकळे दर धक्क्याला थोडे दबतात आणि पट्टा तेवढा सैल होतो.

१२. कनू गाडीच्या मागे बाहेर येते. लाल फडकं लावायचं का?

ऑंटारिओच्या हायवे ट्रॅफिक ॲक्टनुसार सामान गाडीच्या मागच्या टोकापासून १.५ मीटर किंवा जास्त बाहेर असेल तर दिवसा लाल झेंडा किंवा लाल खूण, आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत लाल दिवा लावणं बंधनकारक आहे. सामान पक्कं बांधलेलं असणं हीसुद्धा त्याच कायद्याची अट आहे.

पाच मीटरची कनू साडेचार-पावणेपाच मीटरच्या गाडीवर नीट मध्ये ठेवली तर ती दीड मीटर बाहेर येत नाही. आखूड हॅचबॅकवर आणि मागे सरकवलेल्या कनूवर मोजून बघा. मर्यादेच्या आत असलात तरी लाल फडकं लावाच. मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या रेषेत कनूचं बारीक टोक येतं आणि ते समोरून पटकन दिसत नाही.

१३. निघाल्यावर किती वेळाने तपासायचं?

पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत एकदा. ती पहिली तपासणी सर्वांत महत्त्वाची, कारण कनू धक्क्यांनी बारांवर नीट बसते आणि पट्ट्यांत थोडी ढील येते. शहर सोडून हायवेला लागायच्या आधी एखाद्या पेट्रोल पंपावर थांबा. पुढे प्रत्येक थांब्यावर: ऑनरूटवर (हायवेवरच्या विसाव्याच्या थांब्यावर) कॉफी घेताना, हायवे ११ वर वेबर्सला मुलं बर्गरच्या रांगेत उभी असताना. गाडीभोवती एक फेरी, प्रत्येक पट्टा आणि दोरी हाताने दाबून.

चालवताना कनूचं पुढचं टोक समोर दिसत असतं. निघताना ते बॉनेटच्या कुठल्या रेषेवर आहे ते लक्षात ठेवा. तिथून सरकलं, किंवा आधी नव्हता असा आवाज आला, तर पुढच्या एक्झिटला उतरून बघा.

१४. पट्टे घूंऽऽ असा आवाज करतात. काही चुकलंय का?

नाही. हवेत असलेल्या भागात पट्ट्याला एक-दोन पीळ द्या, आवाज थांबतो. ताण पुन्हा तपासा.

१५. वेग किती ठेवायचा? पाऊस-वारा आला तर?

कनू असताना मी १०० च्या वर जात नाही आणि उजव्या लेनमध्ये राहते. कारण प्रश्न ७ मध्ये आहे. ब्रेकला लागणारं अंतरही जास्त धरा. पावसाने कनूला काही होत नाही, पण दोऱ्या परत ताणून घ्या. पुलावर किंवा उघड्या शेतांच्या बाजूला आडवा वारा जोरात लागायला लागला तर वेग ८० वर आणा. तरी गाडी ओढली जात असेल तर वारा पडेपर्यंत थांबा. कॅम्पसाइटला संध्याकाळी उशिरा पोचणं परवडतं.

हायवे ६० वर पार्कच्या आत वसंतात रस्त्याकडेला मूस (अतिशय मोठी हरणं) येतात. हिवाळ्यातलं मीठ तिथल्या डबक्यांत साठलेलं असतं. संधिप्रकाशात ते दिसत नाहीत आणि छतावर कनू असताना एकदम ब्रेक मारणं फार वाईट. दिवसाउजेडी पोचा.

१६. अडॅप्टिव्ह क्रूझ वगैरे चालू ठेवायचं का?

बंद ठेवा. पुढच्या दोऱ्या रडारसमोर येऊ शकतात आणि काचेवरच्या कॅमेऱ्याला कनूचं टोक दिसतं. गाडी उगाच इशारे देते किंवा स्वतः ब्रेक लावते. इलेक्ट्रिक गाडी असेल तर रेंज चांगलीच घटते, चार्जिंगचे थांबे जवळजवळचे धरा.

१७. कॉन्डोच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरेल का?

बहुतेक नाही. एसयूव्हीची उंची साधारण १.७ मीटर, रॅकची दहा सेंटिमीटर, उलट्या कनूची पस्तीस-चाळीस. म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास. तळघरांची मर्यादा दोन मीटरच्या आसपास असते. निघण्याआधी मोजून तो आकडा कागदावर लिहा आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा. परतताना दमलेलं असताना सवयीने गाडी रॅम्पवर वळते, तेव्हा तो कागद उपयोगी पडतो. डिकी उघडतानाही जपा: कनूचं मागचं टोक खाली झुकलेलं असतं आणि दार त्याला लागतं.

१८. वल्ही आणि लाइफजॅकेट कनूतच बांधून ठेवली तर?

ठेवू नका. वाऱ्याने निसटून मागच्या गाडीवर जातात. सगळं गाडीच्या आत.

१९. एका गाडीवर दोन कनू नेता येतील?

शेजारी शेजारी ठेवायला जवळपास दोन मीटर लांबीचे बार लागतात, कारण एक कनू साधारण ९० सेंटिमीटर रुंद असते. असे बार छोट्या गाडीच्या बाहेर येतात, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्याला लागतात. वजनाचा हिशेब (प्रश्न ३) दोन केव्हलारच्या कनूंनाच जमण्यासारखा आहे. जमलाच तर प्रत्येक कनूला स्वतंत्र पट्टे आणि स्वतंत्र दोऱ्या. एकाच पट्ट्यात दोन्ही आवळल्या तर एक सैल झाली की दुसरीही होते. माझ्या मते दुसरी कनू तिथेच भाड्याने घ्या.

२०. भाड्याच्या गाडीवर चालेल का?

करार वाचा. छतावर सामान न्यायला त्यात मनाई असू शकते, आणि तसं असताना छताला पोचा आला तर खर्च तुमच्यावर येतो. शिवाय अशा गाड्यांना आडवे बार सहसा नसतात. फोनवर होकार मिळाला तर तो ईमेलने लिहून घ्या.

२१. एका तलावातून काढून त्याच दिवशी दुसऱ्या तलावात न्यायची आहे. काही नियम?

हो. १ जानेवारी २०२२ पासून ऑंटारिओत बोट, कनू, कायाक रस्त्याने नेण्याआधी तिच्यावरचं आणि सामानावरचं शेवाळ, वनस्पती, जीव काढणं बंधनकारक आहे. दुसऱ्या पाण्यात उतरवण्याआधीही ती स्वच्छ असली पाहिजे. झेब्रा शिंपल्यांसारखे परके जीव असेच एका तलावातून दुसऱ्यात जातात आणि एकदा गेले की काढता येत नाहीत.

कनू काठावरच उलटी करून पाणी पूर्ण निथळू द्या. सीटखाली, टोकांच्या बंद कप्प्यांजवळ आणि मधल्या पट्टीच्या (दोन्ही काठांना जोडणाऱ्या आडव्या दांडीच्या) सांध्यात हात फिरवून बघा, गवताचे तुकडे तिथे अडकतात. दोऱ्या आणि लाइफजॅकेटही झटका. हे छतावर चढवण्याआधी करा. नंतर फक्त तळ दिसतो, आतली बाजू नाही.

२२. रात्री मोटेलला थांबणार आहोत. कनू वरच ठेवली तर चोरी होईल का?

प्लास्टिकचं आवरण असलेली तारेची केबल मधल्या पट्टीतून आणि बाराखालून ओवून कुलूप लावा; काठाभोवती नुसती गुंडाळली तर ती सरकवून काढता येते. बारांच्या पायांनाही कुलूप हवं, नाहीतर रॅकसकट कनू जाते. गाडी खोलीच्या खिडकीतून दिसेल अशी, दिव्याखाली लावा. सकाळी निघताना प्रश्न १३ मधली फेरी पहिल्यापासून मारा, कारण रात्रीत पट्टे कुणी हाताळलेत का हे नुसतं बघून कळत नाही.